शिकागोतलं कॅथलिक विद्यापीठ : लेकीला पाठवावं का? (अनुभव हवेत)

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय. प्रश्न घरगुती आहे, पण घरात बसून सुटेना म्हणून इथे मांडतो.

मुलगी कॉम्प्युटर इंजिनियर. पुण्यात नोकरी करते, आता एमएसचं डोक्यात घेतलंय. तीन ठिकाणांहून प्रवेशपत्रं आली आहेत. शिकागोचं डीपॉल (डेटा सायन्स), शिकागोचंच लोयोला (कॉम्प्युटर सायन्स) आणि मिडवेस्टमधल्या एका लहान गावातलं सरकारी विद्यापीठ. पहिली दोन कॅथलिक आणि खाजगी, म्हणजे महाग. तिसरं त्या मानाने स्वस्त. तिचा कल शिकागोकडे, माझा कल हप्त्याकडे.

त्यात आमच्या मातोश्रींनी 'कॅथलिक' हा शब्द ऐकला. तेव्हापासून रोज संध्याकाळी दिवा लावताना मला ऐकू जाईल अशा आवाजात देवाशी बोलणं चालू आहे. मी त्यांना सांगितलं की मीही फादर लोकांच्या शाळेतच शिकलो. त्यावर उत्तर आलं, "म्हणूनच."

मला स्वतःला बाटण्याबिटण्याची भीती नाही. पण तिथे धर्माचे विषय सक्तीचे असतात का, वातावरण कसं असतं, नोकरीच्या वेळी अशा नावाचा फायदा-तोटा होतो का, आणि एवढ्या मोठ्या शहरात एकटी मुलगी राहणार तर कुठे, हे कोणी अनुभवाने सांगेल का? ऐकीव माहिती भरपूर जमली आहे, ती नको.

खवचट_काका
सध्याचे पोपच शिकागोचे आहेत. थेट त्यांनाच पत्र टाका.

मनीमाऊ
वाचतेय. भाचीचंही हेच चाललंय.

फुलर्टन_स्टॉप
मी डीपॉलमधून एमएस केलं, त्यामुळे सविस्तर लिहितो. चहा घेऊन बसा.

आधी मातोश्रींचं. मास्टर्सला धर्माचा एकही विषय मला घ्यावा लागला नाही. ती भानगड पदवीच्या मुलांना असते. लिबरल स्टडीजमध्ये त्यांना धर्माशी संबंधित विषय घ्यावे लागतात, पण त्यात बौद्ध, हिंदू, इस्लाम असे पर्यायही असतात. प्रार्थना, मिस्सा (चर्चमधली सामुदायिक उपासना), हजेरी, कशाचीच सक्ती नाही. कुलगुरूसुद्धा पाद्री नाहीत. २०१७ पर्यंत पाद्रीच असायचे, त्या वर्षी पहिल्यांदा बिगरपाद्री माणूस आला आणि आताचेही तसेच आहेत.

डीपॉलचे दोन मुख्य कॅम्पस. लिंकन पार्कचा झाडं-हिरवळवाला, आणि लूपमधला, म्हणजे ऐन डाउनटाउनमध्ये. कॉम्प्युटरवाले लूपमध्ये. तिथे कॅम्पस असं काही दिसतच नाही. वॅबॅश अव्हेन्यूवर डोक्यावरून 'एल' म्हणजे उन्नत रेल्वे धडधडत असते, खाली सँडविचचं दुकान, दुकानाशेजारी दार, दारात कार्ड दाखवलं की झालं तुमचं विद्यापीठ. मुख्य इमारत तर पूर्वी गोल्डब्लॅट्स नावाचं डिपार्टमेंटल स्टोअर होती. ज्यांच्या डोळ्यांसमोर अमेरिकन विद्यापीठ म्हणजे लॉनवर पुस्तक घेऊन लोळणारी पोरं आहेत, त्यांचा पहिल्या दिवशी चेहरा पाहण्यासारखा होतो.

आमचे बहुतेक वर्ग संध्याकाळी पावणेसहा ते नऊ, एका विषयाचा आठवड्यातून एकच. कारण निम्मा वर्ग दिवसभर बँकेत नाहीतर इन्शुरन्स कंपनीत काम करून टाय सैल करत आलेला असतो. मला शिक्षणाइतकाच याचा उपयोग झाला. शेजारी बसणारा माणूस सकाळी ज्या कंपनीत डेटाबेस सांभाळतो, तिथेच पुढे जागा निघते. लहान गावात हे होत नाही.

आणि सर्वात महत्त्वाचं : सेमिस्टर नाही, क्वार्टर. दहा आठवडे शिकवणं आणि लगेच परीक्षा. पाचव्या आठवड्यात मिडटर्म. तिसऱ्या आठवड्यात सर्दी झाली तर बरं होईपर्यंत अर्धा विषय संपलेला असतो. कोणी सांगत नाही म्हणून सांगतो : धर्माचा नाही, या वेगाचा विचार करा.

पेठकर
फुलर्टन, छान लिहिलंत. पण मूळ मुद्दा कोणी बोलत नाहीये. खाजगी विद्यापीठ ते खाजगी विद्यापीठ. त्यांना आपली मुलं हवी असतात ती पूर्ण फी भरणारी म्हणून. संत कोणता आहे याने शैक्षणिक कर्जाचा व्याजदर बदलत नाही. सरकारी विद्यापीठ घ्या, खर्च कमी, अभ्यास तोच. पदवीवर गावाची लोकसंख्या छापत नाहीत.

वसईची_पोर
गोदाकाठ, मी लोयोलामधून सोशल वर्कमध्ये मास्टर्स केलं, आणि मी स्वतः वसईची कॅथलिक. त्यामुळे तुमच्या मातोश्रींना माझी साक्ष चालणार नाही :-) पण तुम्हाला सांगते.

माझी अपेक्षा उलटी होती. मला वाटलं होतं, आता कसं घरच्यासारखं वाटेल. आमच्याकडे गावात सगळं चर्चभोवती फिरतं. सण, लग्न, भांडण, बँड. तिथे पाहिलं तर माझ्या वर्गात चर्चला जाणारे मोजके, बाकी कोणी ज्यू, कोणी मुस्लिम, बरेचसे 'काहीच नाही' म्हणणारे. मराठीत मिस्सा होते हे सांगितल्यावर माझ्या प्रोफेसरबाई थक्क झाल्या. त्यांच्या डोक्यात भारतीय म्हणजे हिंदू, फार तर केरळ.

पण कॅथलिकपण नाहीच असं नाही. ते निराळ्या ठिकाणी दिसतं. लेक शोअर कॅम्पसवर मॅडोना देला स्ट्राडा नावाचं चॅपल आहे, १९३९ चं, अगदी मिशिगन तळ्याच्या काठावर, दर्शनी बाजू तळ्याकडे. परीक्षेच्या दिवसांत तिथे कोण कोण येऊन बसायचं! माझी जैन रूममेट नियमाने जायची. म्हणायची, तिथे वायफाय पकडत नाही म्हणून शांत वाटतं. राखेच्या बुधवारी निम्म्या कॅम्पसच्या कपाळावर राखेचा क्रूस असतो, आपल्याकडे अंगारा लावून ऑफिसला जावं तितक्या सहज. ज्यांच्या कपाळावर नाही त्यांना कोणी विचारत नाही.

लोयोला जेझुइटांचं, म्हणजे येशूसंघ नावाच्या कॅथलिक पाद्र्यांच्या संघाचं. पदवीच्या मुलांना तिथे थिऑलॉजीचे दोन विषय आहेत, पण त्यातही एकच धर्म घ्या असं नाही. मास्टर्सला आमच्याकडे नव्हते, आणि कॉम्प्युटरला तर प्रश्नच नाही.

माजी_झेवियराइट
धाग्याचं शीर्षक वाचूनच जीव सुखावला. मुंबईच्या झेवियर्समध्ये पाच वर्षं काढली. विद्यापीठ नव्हे, कॉलेज, पण मोठ्या शहरातली जेझुइट संस्था म्हणजे काय ते तिथे कळलं. १८६९ साली जर्मन जेझुइटांनी काढलेलं. धोबीतलावला ट्रॅफिकच्या गोंगाटातून आत शिरलं की ते दगडी कमानींचं अंगण. आमच्या वेळी पदवीला सोशल इन्व्हॉल्व्हमेंट प्रोग्रॅम होता, साठ तास एखाद्या संस्थेत काम. पोरं कुरकुरत जायची. मी एका महापालिकेच्या शाळेत गणित शिकवायला गेलो. तिथल्या चौथीतल्या पोराने मला हिशेबात हरवलं, कारण तो घरी भाजीच्या गाडीवर बसायचा.

धर्माचं म्हणाल तर आमच्यासाठी व्हॅल्यू एज्युकेशनचा तास होता. त्यात मी झोपायचो.

खवचट_काका
म्हणजे मूल्यं झोपेत रुजली. दिसतंच आहे.

माजी_झेवियराइट
काका, तुमचं कोणतं कॉलेज ते आम्हाला माहिती आहे. गप्प बसतो.

खवचट_काका
असो. पुण्यातही सेंट व्हिन्सेंट आहे की. डीपॉलवाले म्हणजे त्यांचेच भाऊबंद ना?

पेठकर
नाही हो. पुण्याची सेंट व्हिन्सेंट्स शाळा जेझुइटांची, १८६७ ची. माझा मोठा भाऊ तिथला. डीपॉल चालवतात ते व्हिन्सेंशियन, तो वेगळा संघ. सतराव्या शतकातले फ्रेंच संत व्हिन्सेंट द पॉल, त्यांनी गोरगरिबांसाठी काढलेला. नावावर जाऊ नका.

(विरोधात लिहिणाऱ्यालाच माहिती पुरवावी लागते, काय दिवस आलेत.)

शून्य_अंश
धर्म, फी सगळं झालं. थंडीचं कोण बोलणार? जानेवारी २०१९ मध्ये पोलर व्हॉर्टेक्सच्या, म्हणजे ध्रुवाकडून आलेल्या थंडीच्या लाटेच्या वेळी मी शिकागोत होतो. उणे तीस सेल्सिअस. सगळी विद्यापीठं बंद. खिडकीच्या आतल्या बाजूला बर्फाची नक्षी. भारतातून आणलेलं 'एकदम जाड' जॅकेट मी त्या दिवशी पायपुसणं म्हणून वापरलं. जॅकेट तिथेच घ्या, बूट तिथेच घ्या. इथून फक्त थर्मल आणा.

एल स्टेशनांच्या प्लॅटफॉर्मवर हीटर असतात. बटण दाबलं की वर लाल दिवे लागतात आणि खाली वीसेक माणसं पेंग्विनसारखी गोळा होतात. मधोमध एक-दोन कबुतरं. त्यांना कोणी हाकलत नाही.

घराबद्दल : शिकागोत कायदाच आहे की १५ सप्टेंबर ते १ जून घरमालकाने दिवसा किमान ६८ फॅरनहाइट आणि रात्री ६६ ठेवायचं. माझ्या पहिल्या घरमालकाला हे मान्य नव्हतं. नगरपालिकेचा ३११ नंबर फिरवला, दुसऱ्या दिवशी रेडिएटर खणखणायला लागला. लेकीला हा नंबर पाठ करून पाठवा. 'हीट इन्क्लुडेड' असं भाडेकरारात लिहिलेलं घर बघा, नाहीतर हिवाळ्यात गॅसचं बिल बघून घाम येईल. तेवढीच ऊब.

मनीमाऊ
पायपुसणं! :-D

सावित्री_ऑनलाइन
सगळे फारच गोड गोड लिहिताहेत, म्हणून थोडं कडू लिहिते. मी शिकागोतच होते, दुसऱ्या विद्यापीठात, पण मैत्रिणी या दोन्हीकडे. 'कॅथलिक हे फक्त नावापुरतं' हे खरं नाही. दोन्ही विद्यापीठं गर्भनिरोधकं वाटत नाहीत. लोयोलाचा मुलींचा एक गट ती कॅम्पसच्या हद्दीबाहेर, फुटपाथवर उभं राहून वाटायचा. डाउनटाउनमध्ये कोपऱ्यावर फार्मसी आहे, त्यामुळे अडत काही नाही हे मान्य. पण तेवीस-चोवीस वर्षांच्या मुलीला पाठवताना विद्यापीठाच्या आरोग्यसेवेत काय मिळतं आणि काय नाही हे आधी वाचा. हा प्रश्न बाबा विचारणार नाहीत, म्हणून मी लिहिलं.

फुलर्टन_स्टॉप
सावित्री, मुद्दा रास्त आहे. यावरून कॅम्पसवर वाद होतातही. पण पुढचंही लिहायला हवं. २००६ मध्ये समलिंगी आणि इतर लैंगिक अल्पसंख्याकांच्या अभ्यासाचा मायनर (दुय्यम) अभ्यासक्रम सुरू करणारं अमेरिकेतलं पहिलं कॅथलिक विद्यापीठ डीपॉलच. एकाच इमारतीत एका मजल्यावर हा अभ्यासक्रम आणि दुसऱ्यावर 'आम्ही हे वाटणार नाही'. या ओढाताणीतच ते विद्यापीठ चालतं. मला त्यात ढोंग नाही वाटलं.

सावित्री_ऑनलाइन
मला थोडंसं वाटतं. पण सरकारी विद्यापीठं काही कमी ढोंगी नाहीत, हेही खरं.

इतिहासाचा_किडा
राहवत नाही म्हणून. फुलर्टन यांनी म्हटलेल्या ओढाताणीला तारीख आहे. १९६७ मध्ये नोत्र दाम या कॅथलिक विद्यापीठाचे अध्यक्ष फादर हेसबर्ग यांनी विस्कॉन्सिनमध्ये लँड ओ'लेक्स इथे कॅथलिक विद्यापीठांच्या धुरिणांना बोलावलं. तिथल्या निवेदनात म्हटलं गेलं की विद्यापीठ म्हणून टिकायचं तर चर्चसकट बाहेरच्या कुठल्याही सत्तेपासून स्वायत्तता हवी. त्याच सुमारास विश्वस्त मंडळांवर बिगरपाद्री लोक आले. पुढे १९९० मध्ये रोमने नियमावली काढून दोर जरा आवळला, कॅथलिक थिऑलॉजी शिकवणाऱ्यांनी बिशपची मान्यता घ्यावी वगैरे. तेव्हापासून हे रस्सीखेचीचंच चाललंय. डेटा सायन्सवाल्यांपर्यंत त्याची झळ पोचत नाही.

आता मातोश्रींसाठी खास. १८९३ ची सर्वधर्मपरिषद ज्या इमारतीत भरली ती आजची आर्ट इन्स्टिट्यूट, मिशिगन अव्हेन्यूवर. डीपॉलच्या लूप कॅम्पसपासून चालत पाचेक मिनिटं. विवेकानंदांनी जिथे भाषण केलं त्या रस्त्याच्या तुकड्याला त्यांचं मानद नाव आहे. आणि त्या परिषदेच्या पहिल्या दिवशी व्यासपीठावर प्रार्थना कोणी म्हटली? कॅथलिक कार्डिनल गिबन्स यांनी. डीपॉल त्यानंतर पाच वर्षांनी, १८९८ मध्ये निघालं, तेव्हा नाव सेंट व्हिन्सेंट्स कॉलेज. ज्या काळात बड्या विद्यापीठांत ज्यू मुलांच्या जागांवर मर्यादा होत्या, तेव्हा इथे ज्यू मुलं शिकत होती. १९११ पासून मुलीही. स्थलांतरितांची, दिवसा काम करणारी पोरं हाच त्यांचा गिऱ्हाईकवर्ग, आणि संध्याकाळचे वर्ग ही त्याचीच पुढची कडी.

लोयोलाही तसंच. १८७० मध्ये डेमन नावाच्या डच जेझुइटाने शहराच्या वेस्ट साइडला काढलं. पुढच्याच वर्षी शिकागोची मोठी आग लागली, तीही त्यांच्या तिथल्या चर्चपासून जवळच. फादर डेमन तेव्हा न्यूयॉर्कला होते. त्यांनी नवस बोलला की चर्च वाचलं तर सात दिवे कायम तेवत ठेवीन. वारा फिरला, चर्च वाचलं, सात दिवे आजही आहेत. एलच्या नकाशावर 'डेमन' स्टेशन दिसेल, तेच हे गृहस्थ.

खवचट_काका
नवस बोलतात, फेडतात, दिवे लावतात. गोदाकाठ, मातोश्रींना हे वाचून दाखवा, त्या स्वतः तिकीट काढतील.

गोदाकाठ
काका, खरंच वाचून दाखवलं. विवेकानंदांपाशी चेहरा बदलला. मग म्हणाल्या, "सात दिवे तेलाचे की विजेचे?" याचं उत्तर आहे का कोणाकडे?

बाकी सगळ्यांचे मनापासून आभार. सावित्रीताई, तुमचा प्रतिसाद मी तसाच लेकीला पाठवला. "बाबा, मी ते केव्हाच वाचलंय," असं उत्तर आलं. पेठकर, तुमचं म्हणणं मलाही छळतंय. दोन्हीकडचा आकडा मांडला की छोट्या गावाकडे पारडं झुकतं.

हिशेबनीस
आकड्यांवर मी बोलतो, पोटापाण्याचा धंदा तोच आहे.

फीच्या पानावरचा वार्षिक आकडा बघू नका. डीपॉलमध्ये क्रेडिटप्रमाणे पैसे. एकूण क्रेडिट गुणिले दर असा हिशेब करा, आणि लोयोलाचा सेमिस्टरचा दर त्याच्याशी थेट ताडू नका, क्वार्टरचं क्रेडिट लहान असतं. मग राहण्याचा खर्च. लहान गावात भाडं कमी, पण तिथे गाडी लागते. गाडी, विमा, पेट्रोल, बर्फात घसरून बंपर गेला तर तो. शिकागोत विद्यार्थ्याला यू-पास मिळतो, त्याचे पैसे फीबरोबरच जातात, आणि सत्र चालू असेपर्यंत बस-ट्रेन कितीही वापरा.

शिकवणी नाहीतर संशोधनाची असिस्टंटशिप मोठ्या सरकारी विद्यापीठांत मिळण्याची शक्यता जास्त. डीपॉलसारख्या ठिकाणी मास्टर्सला त्यावर विसंबू नका. आणि ताजी गोष्ट : २०२५ च्या फॉल सत्रात डीपॉलमध्ये नव्याने येणाऱ्या परदेशी मास्टर्स विद्यार्थ्यांची संख्या साठ टक्क्यांहून जास्त घटली. व्हिसाचं वातावरण हे कारण. विद्यापीठाला खर्चात कपात करावी लागली. याचा तुम्हाला एक फायदा आहे : स्कॉलरशिप वाढवून मागा. नम्रपणे, लेखी, दुसऱ्या विद्यापीठाचं पत्र जोडून. तोटाही आहे : ऐच्छिक विषय पुरेशी मुलं नसल्याने रद्द होऊ शकतात. कोणते विषय कोणत्या क्वार्टरला खरंच शिकवले जाणार आहेत, ते विभागाला विचारा.

नोकरीचं : शिकल्यावर ओपीटी (विद्यार्थी व्हिसावरच काम करायची परवानगी) बारा महिने, स्टेम म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान-गणिताच्या अभ्यासक्रमाला आणखी चोवीस. आय-२० वर (विद्यापीठ व्हिसासाठी देतं तो कागद) अभ्यासक्रमाचा कोड स्टेमचा आहे ना, हे स्वतः तपासा. नियम बदलू शकतात, त्यामुळे 'तिथे नोकरी लागलीच' असं धरून कर्ज काढू नका. परत येऊन पुण्यातल्या पगारावर हप्ता झेपेल का, या प्रश्नाचं उत्तर हो असेल तरच सही करा.

पेठकर
हिशेबनीस, शेवटच्या वाक्याला दंडवत. गाडीचा मुद्दा मी धरला नव्हता, तो खरा आहे. तरी माझं मत तेच. फक्त आता कमी आवाजात.

फुलर्टन_स्टॉप
नावाच्या फायद्या-तोट्याचं राहिलं होतं. देशभर डीपॉलचं नाव सांगितलं तर लोक 'हो का' म्हणतील. शिकागोत सांगितलं तर 'माझी बहीण तिथलीच' म्हणतील. शहराचे दोन्ही डेली महापौर, बाप आणि लेक, डीपॉलचे वकील. कोर्टात, महापालिकेत, ऑडिट कंपन्यांत ठासून माणसं भरलेली. तेव्हा शिकागोतच नोकरी बघणार असाल तर नावाला वजन आहे. कॅलिफोर्नियाला जायचं तर प्रोजेक्ट बोलतील. कॅथलिक आहे म्हणून ना कोणी घेतं, ना कोणी नाकारतं.

एक गंमत. कॅथलिक विद्यापीठ, आणि टीमचं नाव ब्लू डीमन्स. निळे राक्षस. त्यांच्या राक्षसाचं नाव डिब्स.

शून्य_अंश
डिब्सवरून आठवलं. बर्फ पडल्यावर शिकागोचा माणूस रस्त्यावरची जागा फावड्याने साफ करतो आणि गाडी काढून जाताना तिथे मोडकी खुर्ची ठेवतो. ती जागा त्याची. त्यालाही डिब्सच म्हणतात. खुर्ची, इस्त्रीचं टेबल, एकदा तर मी पुठ्ठ्याचा फ्रॅंक सिनात्रा उभा केलेला पाहिला. एसटीत रुमाल टाकणाऱ्या आपल्या माणसाला हे शहर लगेच कळतं.

माजी_झेवियराइट
खेळाचं निघालंच आहे तर लोयोलाच्या सिस्टर जीनना विसरू नका. २०१८ मध्ये लोयोलाची बास्केटबॉल टीम देशातल्या कॉलेज स्पर्धेच्या फायनल फोरमध्ये, म्हणजे शेवटच्या चारांत पोचली तेव्हा व्हीलचेअरवरच्या अठ्ठ्याण्णव वर्षांच्या या नन सगळ्या टीव्हीवर होत्या. टीमच्या चॅपलिन, म्हणजे धार्मिक मार्गदर्शक. प्रार्थनाही करायच्या आणि समोरच्या टीममध्ये कोणाला अडवायचं तेही सांगायच्या.

वसईची_पोर
ऑक्टोबर २०२५ मध्ये त्या वारल्या, १०६ वर्षांच्या होऊन. लोयोला स्टेशनसमोरच्या चौकाला त्यांचं नाव दिलंय. स्टुडंट सेंटरमध्ये त्यांचं ऑफिस होतं, दार उघडं असायचं. मी एकदा नुसती डोकावले तर बसवून घेतलं आणि विचारलं काय, तर "जेवतेस का नीट?" वसईतल्या आमच्या सिस्टरांनीही हेच विचारलं असतं.

जेवणावरून : रॉजर्स पार्कात राहिलात तर लोयोला स्टेशनपासून १५५ नंबरची बस थेट डेव्हन अव्हेन्यूवरून जाते. भारतीय-पाकिस्तानी दुकानांची रांगच्या रांग. पटेल ब्रदर्सचं पहिलं दुकान १९७४ मध्ये तिथेच निघालं. ज्वारीचं पीठ, कढीपत्ता, भडंगाचे चुरमुरे, सगळं मिळतं. गोडा मसाला मात्र घरूनच न्यावा. डीपॉलला गेली तरी राहायला रॉजर्स पार्क किंवा शेजारचं एजवॉटर बघा, एलच्या रेड लाइनने सरळ लूपला. लिंकन पार्कची भाडी आपल्यासाठी नाहीत.

मनीमाऊ
शाकाहारी असेल तर कॅन्टीनचं काय?

वसईची_पोर
ईस्टरआधीच्या उपवासकाळात शुक्रवारी बघायचं. कॅथलिकांना मांस वर्ज्य, त्यामुळे त्या दिवशी चीज पिझ्झा, मॅकरोनी, मासे. माझी जैन रूममेट ईस्टरपर्यंतचे शुक्रवार कॅलेंडरवर मांडून ठेवायची. तिच्याइतका निष्ठेने तो काळ कोणी कॅथलिकाने पाळला नसेल.

खवचट_काका
मातोश्रींना ज्याची भीती आहे ते हेच.

सावित्री_ऑनलाइन
:-D :-D

गोदाकाठ
काल रात्री लेकीशी तासभर बोललो. हिशेबनीसांच्या पद्धतीने कागद मांडला. लोयोला तिनेच बाद केलं, तिला डेटा सायन्सच हवंय. आता डीपॉल आणि ते सरकारी, एवढेच उरले. डीपॉलला स्कॉलरशिपसाठी मेल गेलीय, काय उत्तर येतं त्यावर ठरेल.

एकच शंका उरलीय, आणि ती बापाची आहे. वर्ग रात्री नऊला सुटणार आणि ती रेड लाइनने रॉजर्स पार्कला जाणार. नेटवर रेड लाइनबद्दल जे वाचतोय त्याने झोप उडालीय. आडपडदा न ठेवता सांगा.

शून्य_अंश
नेटवरचं खोटं नाही, पण रोजचंही नाही. सिगारेट ओढणारे, स्वतःशी बोलणारे, डब्यात झोपलेले बेघर लोक, हे सगळं दिसेल. मोबाईल दाराजवळ उभं राहून हातात धरायचा नाही, दार बंद होता होता हिसकावतात. नऊच्या सुमारास गाडीला गर्दी असते. साडेअकरानंतर मी टाळायचो.

वसईची_पोर
मी कित्येकदा रात्रीची आले आहे. पहिल्या डब्यात बसायचं, मोटरमनच्या मागे. डबा रिकामा किंवा विचित्र वाटला तर पुढच्या स्टेशनवर उतरून शेजारच्या डब्यात शिरायचं, लाजायचं नाही. घर स्टेशनपासून चार-पाच मिनिटांच्या आत आणि दुकानं असलेल्या रस्त्यावर घ्यायचं. भाडं थोडं जास्त गेलं तरी इथे काटकसर नको.

फुलर्टन_स्टॉप
आणि एक. सगळे विषय रात्रीचेच घ्यावे लागत नाहीत. बऱ्याच विषयांचं रेकॉर्डिंग असतं आणि काही ऑनलाइन तुकडीतही घेता येतात. फक्त एफ-१ व्हिसावर ऑनलाइन विषय किती चालतात यावर मर्यादा आहे, तेव्हा नोंदणी करण्याआधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला विचारूनच घ्यायचं. लूपमधून नऊला सुटलेले आम्ही सात-आठ जण एकाच दिशेचे असायचो, एकत्रच जॅक्सन स्टेशनला जायचो. पहिल्या आठवड्यात वर्गात कोण कोण उत्तरेकडे राहतं एवढं विचारून घ्यायला सांगा. माझा नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो, तिला द्या.

हिशेबनीस
स्कॉलरशिपचं उत्तर आलं की आकडा इथे टाका. आणि कर्जाच्या कागदावर स्थगिती काळातलं व्याज सरळ लावतात की चक्रवाढ, तेवढं बँकेकडून लेखी घ्या.